गोफणीच्या गोट्याआधी

सटवाजीची काठी दत्तरावाच्या कोपरावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज त्याच्या बायकोनं, बानूबाईनं कुडाआडून ऐकला. तिच्या कडेवर तीन वर्षांची लेक रुख्मिणी होती.

"माझा डोळा खाल्लास, आता लेकीचा बी खातूस?"

"मी हात लावला न्हाई तिला," दत्तराव मातीतून म्हणाला.

दुसरी काठी तोंडावर बसली. दोन दात गेले.

राणीसावरगावच्या या दोन चुलत भावांच्या घरांत हे नवं नव्हतं. सटवाजी दोन वर्षांचा असताना सात वर्षांच्या दत्तरावानं त्याला गोफणीनं गोटा मारला. डावा डोळा सुजला, वाळला, खोबणीत बसला. त्या डोळ्यापायी अडतीस वर्षं मारामाऱ्या चालल्या. दत्तरावाच्या बापाचं डोकं फुटलं, तो पुन्हा उठला नाही. सटवाजीच्या मेंढ्यांचे पाय कुऱ्हाडीनं तोडले गेले. बानूबाई नांदायला आली ती पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या टाळूवर हळद दाबून बसली.

आणि आता, एकोणनव्वद साली, कंदील जवळ नेला की रुख्मिणीच्या डाव्या डोळ्यात पांढरं चमकायला लागलं. पोर आदल्या दिवशी दत्तरावाच्या अंगणात खेळली होती. सटवाजीला तेवढं पुरलं.

पोलिसांनी सटवाजीला नेलं. सकाळच्या परभणी एसटीत पुढच्या बाकावर दत्तराव, हात फडक्यात. मागं बानूबाई, मांडीवर लेक.

"दादा, लय दुखायलंय का?"

"तुझ्या नवऱ्याला इचार. त्यानं मोजून मारलंय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "घरात आणखी कुणाचा डोळा गेलाय?"

"हिच्या बापाचा. ल्हानपणी मी गोफणीच्या गोट्यानं फोडला," दत्तराव दारातून म्हणाला.

"गोटा मारायच्या आधी तो डोळा कसा दिसायचा?"

दत्तराव म्हणाला, "चमकायचा. मांजरावाणी. मला भ्या वाटायचं, म्हून त्या चमकीवरच नेम धरला."

"मग तो तुम्ही फोडला नाही. त्यात गाठ आधीच होती. त्यांची गाठ आपोआप जिरली, लाखात एखाद्याचं तसं होतं. हिचं होईल या भरवशावर बसता येणार नाही. हा कॅन्सर आहे." मग त्या बानूबाईकडे वळल्या. "अंगातल्या एका पेशीच्या फुटून दोन होतात, दोनाच्या चार. आता थांब, असं सांगणारं जनुक प्रत्येक पेशीत असतं. त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी आवरते. दोन्ही गेल्या की पेशी थांबत नाही."

"कळपाला दोन कुत्री," बानूबाई म्हणाली. "एक मेलं तरी दुसरं मेंढरं उभ्या पिकात जाऊ देत न्हाई."

"हिला बापाकडून एक मेलेलंच आलं. या डोळ्यात दुसरंही मेलं. डोळा उद्याच काढू, पोर वाचेल. थांबलात तर गाठ नसेतून मेंदूत जाईल. दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे, तो दर तीन महिन्यांनी दाखवायचा."

बानूबाईनं कागदावर उठवायला अंगठा पुढं केला.

"धन्याला इचारत न्हाईस?" दत्तराव म्हणाला.

"तुमचा हात मोडताना त्यांनी मला इचारलं व्हतं?"

चौथ्या दिवशी सटवाजी सुटून आला. खाटेवर लेक, डोळ्याला पट्टी, उशाशी दत्तराव. सटवाजीनं काठी उचलली. बानूबाई मधे आली आणि काठी तिच्या खांद्यावर पडली. तिनं ती तशीच धरून ठेवली.

"मारा. पण ऐकून मारा."

तिनं सगळं सांगितलं. कुत्री, गाठ, चमक. सटवाजीनं आपला खोबणीत बसलेला डोळा चाचपला.

"म्हंजे गोट्याच्या आधीच..."

"आधीच."

"आन ह्याचा बाप फुकाच मेला?"

बानूबाईनं काठी सोडली. सटवाजीनं काठी दत्तरावापुढं धरली. "मार."

"उजवा हात कुठाय मला?"

"डाव्यानं मार."

दत्तरावानं डाव्या हातानं एक घातली. कानशील फुटलं, रक्त सदऱ्यावर आलं. सटवाजी हलला नाही.

"एकच?"

"बाकीच्या हात जुळल्यावर," दत्तराव म्हणाला आणि रुख्मिणीची पट्टी नीट केली. "तीन महिन्यांनी हिचा दुसरा डोळा दाखवायला यायचंच हाय."