गाडीतलं सदतीस

मी शाळामास्तर. तेवीस वर्षं बुलढाण्यात पोरांना विज्ञान शिकवलं, आणि त्या तेवीस वर्षांचा मला भारी माज होता, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या वर्षी विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा तर विचारूच नका. शेजारी, व्याही, भाजीवाली, जो भेटेल त्याला बॅटरी समजावून सांगायचो. बायको म्हणायची, लोक आता रस्ता बदलून जातात. जावोत, मला काय!

माझी थोरली बहीण, अक्का, दुसरबीडपासून चार कोसांवर दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून डी.एड.ला पाठवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचं नि भाऊजींचं अर्ध्या एकराचं शेडनेट आहे, हिरव्या जाळीचं. त्यात कंपनीसाठी काकडीचं बियाणं करतात. फुलांचं क्रॉसिंग हातानं करायचं, एकेका फुलाला दोरा बांधायचा, मग फळ वेलावर पिवळंधमक पिकू द्यायचं. पिकलं की तोडून बी काढायचं. चैत्रात ते काम असतं आणि चैत्रात त्या जाळीखाली वारा म्हणून नसतो.

आदल्या वर्षी त्या जाळीतच अक्काला चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचं वय नि बीपी पाहता उन्हात काम बंद करा. अक्का कसली बंद करते! मग मी तिला आईची आण घातली. चाळीसच्या वर पारा गेला की जाळीतून बाहेर यायचं, फळ राहिलं तर राहिलं. तिनं आण घेतली, आणि खरंच सांगतो, पाळली. शेवटपर्यंत पाळली.

आता पारा बघायचा कशात? मोबाईलमध्ये बघू म्हटलं तर तो बुलढाण्याचा आकडा दाखवायचा. बुलढाणा उंचावर, तिथली हवा वेगळी, दुसरबीडकडची वेगळी. माझ्या गाडीच्या पडद्यावर मात्र, कोपऱ्यात, बाहेरची हवा किती तापली त्याचा आकडा येतो. मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा ती दुपारभर अंगणात उन्हात उभी होती. चालू केली तर आकडा एक्कावन्न! अक्का तोंडाला पदर लावून हसली, म्हणाली गाडीलेच ताप भरला वाटते. मी लगेच मास्तर झालो. तिला नि भाऊजींना बसवून हमरस्त्यापर्यंत चक्कर मारली. आकडा हळूहळू उतरला नि एकोणचाळीसवर थांबला. बघा, म्हटलं, उन्हात उभी राहिली की ती जरा चुकते. सावलीत लावली की चुकणार नाही. हे दुसरं वाक्य माझं मीच जोडलं होतं. कुठं वाचलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. पण मी म्हटलं म्हणजे अक्काला ते छापील होतं.

तेव्हापासून रीतच पडली. मी गेलो की गाडी जाळीजवळच्या लिंबाखाली लावायची आणि अक्का अधूनमधून जाळीच्या दाराशी येऊन हात हलवून विचारायची, किती? मी काचेआडून बोटं दाखवायचो. आधी तीन, मग आठ, म्हणजे अडतीस. तोडणीला आलेल्या बाया हसायच्या. अक्काला मोठं कौतुक, आपला भाऊ नि आपल्या भावाची गाडी.

त्या दिवशी भाऊजी खामगावला मोटरपंपाचं सामान आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस बी तपासायला येणार होता, म्हणून सगळी काकडी त्याच दिवशी तोडायची होती. माझ्याकडे सातवीच्या पेपरांचा गठ्ठा होता. म्हटलं, अक्कावर लक्षही राहील नि पेपरही होतील. साडेदहाला पोचलो तेव्हा आकडा सदतीस होता. आभाळ आलेलं, ऊन नव्हतं, नुसती घुसमट. गाडी लिंबाखाली लावली, एसी चालू ठेवला नि मागच्या सीटवर पेपर पसरले.

पेट्रोलची गाडी असती तर मी बंद केली असती. तासन्‌तास इंजिन घुरघुरत ठेवायची छाती कोणाची होते? पण ह्या गाडीला आवाज नाही, धूर नाही. दिवसभर चालू ठेवा, कोणाला पत्ता लागत नाही. मी गाडीतून उतरलोच नाही.

सव्वाअकराला अक्कानं दारातून हात हलवला. तीन बोटं, सात बोटं. ती परत आत गेली. बाराला पुन्हा. पडद्यावर अजूनही सदतीस. मला वाटलं, आभाळामुळं चढत नसेल. उलट मनातून खूषच झालो, की बघा, सावलीत लावली की कसा आकडा जागचा हलत नाही.

बारा वाजून गेल्यावर तोडणीच्या बाया डोक्यावरची फडकी सोडत बाहेर पडल्या. पाचही जणी. त्यातली एक अक्काच्या हाताला धरून तिला ओढत होती. अक्कानं तिला माझ्या गाडीकडे बोट करून दाखवलं. काय म्हणाली असेल ते मला ऐकू यायची गरज नव्हती. अजून चाळीस नाही झाले, माझा भाऊ पाहून राह्यला. बाया निघून गेल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांनी आपल्या अंगाला विचारलं.

पाऊणला अक्का गाडीजवळ आली. काचेवर टकटक केली. मी पेपरात गढलेलो. एका पोरानं थर्मामीटरच्या प्रश्नाचं वाटेल ते उत्तर लिहिलं होतं, त्यानं डोकं फिरलं होतं. मी काच दोन बोटं खाली केली. अक्काचा चेहरा लालबुंद नि कोरडा होता. घाम नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं, हे तर मी वर्गात शिकवतो.

ती म्हणाली, "नीट पाह्य रे. मले तं लय जास्त वाटून राह्यलं."

मी पडद्याकडे पाहिलं. सदतीस.

"अक्का, गाडीले तुयापेक्षा जास्त कयते," मी म्हणालो आणि काच वर केली.

ती रागावली नाही. मान हलवली नि दोन ओळी राहिल्या होत्या त्या तोडायला परत गेली. मी अजून चार पेपर तपासले. चार. मग मान वर केली तर जाळीत काही हलत नव्हतं.

ती वेलांमध्ये पडली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं, डोळे अर्धवट उघडे. कसं उचललं देव जाणे, मागच्या सीटवर पेपरांवरच ठेवली नि तालुक्याच्या दवाखान्याकडे गाडी सोडली. गाडी जाळीच्या बांधापासून हलली, पक्क्या रस्त्याला लागली, आणि तो आकडा चढायला लागला. अडतीस. मी अक्काला हाका मारतोय आणि एकोणचाळीस. चाळीस. पुलाजवळ एक्केचाळीस. पेट्रोल पंपापाशी त्रेचाळीस झाले नि तिथं थांबले. मी मागे वळून पाहायचं टाळत होतो नि पुढे पाहिलं की तो आकडा.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती ऊन होतं तिथं? माझ्या तोंडून सदतीस निघालं. त्यांनी बर्फ लावला, सलाईन लावली, जे करता येतं ते सगळं केलं. संध्याकाळी साडेपाचला अक्का गेली.

दहाव्याच्या आधी मी अकोल्याला गाडी घेऊन गेलो. मला वाटत होतं, गाडी बिघडलेली निघावी. बिघडली असती तर कोणाच्या तरी अंगावर धावून जाता आलं असतं. तिथला मेकॅनिक माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्यानं पुढच्या बंपरमागे हात घालून दाखवलं. तिथं डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर असतो. तो तापला की त्यातून वीज जास्त सहज जाते, त्यावरून गाडी आकडा काढते. पण गाडी चालू ठेवून उभी केली की त्याच्या आसपास जमिनीची धग असते, एसीची गरम हवा असते. त्या धगीला गाडी फसू नये म्हणून आतल्या कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं असतं, की उभ्या गाडीत आकडा वर जाऊ द्यायचा नाही. उतरला तर उतरू द्यायचा. चढायचा तो गाडी पळायला लागल्यावर. तोवर जुनाच आकडा दाखवायचा. ऊन असो, सावली असो.

म्हणजे तो साडेदहाचा सदतीस होता. सव्वादोन तास मी साडेदहाचा आकडा अक्काला दाखवत बसलो.

"बिघाड नाही सर, गाडी एकदम बरोबर आहे. पुस्तकात दिलंय हे," तो म्हणाला. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. त्याचं प्लास्टिक मी फोडलंही नव्हतं. तेवीस वर्षं पोरांना ओरडत आलो, आधी वाचा, मग बोला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी नि भाऊजी दोघंच होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. सेन्सर सांगितला, बंपर सांगितला, कॉम्प्युटर सांगितला. सांगता सांगता माझा आवाज पुन्हा वर्गातल्यासारखा व्हायला लागला, नि मला माझीच किळस आली. भाऊजी जमिनीकडे पाहत ऐकत होते. बाया त्यांना आधीच बोलल्या असणार, कारण त्यांनी सेन्सरचं काहीच विचारलं नाही.

"ते तुयाजवळ आली होती न? तू काच खाली केली होती न?"

हो म्हटलं. दोन बोटं.

"मंग हवा नाही लागली काय तुले?"

भाऊजी उठून गोठ्याकडे गेले.

लागली होती. तोंडावर आली होती ती हवा, चुलीतून यावी तशी. म्हणून तर मी काच वर केली.