दुखणं थांबल्यावर

उचगावात पोराचं पोट दुखलं की दोन वाटा होत्या. एक बसनं बेळगावच्या दवाखान्यात जायची आणि दुसरी मालुबाईच्या सोप्यावर. पहिली काही फार लांबची नव्हती, पण दुसरी सवयीची होती, आणि सवयीच्या वाटेनं माणूस डोळे मिटून जातो.

मालुबाई बेंबी बसवायची. पोरानं उंचावरून उडी मारली, जड काही उचललं, की बेंबी जागची सरकते आणि पोट दुखायला लागतं, अशी गावाची पक्की समजूत. मग दिवस उगवताना पोराला अनशापोटी तिच्याकडं आणायचं. ती त्याला चटईवर उताणं निजवायची, दोऱ्यानं बेंबीपासून दोन्हीकडचं माप घ्यायची, बेंबीत अंगठा रोवून ठोका कुठं लागतो ते बघायची आणि एरंडेल लावून पोट चोळून चोळून तो ठोका मधोमध आणायची. शेवटी पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालायचा. तांब्या कातडी ओढून धरायचा आणि निम्मी पोरं भीतीनंच बरी व्हायची. उरलेल्या निम्म्यांच्या पोटात वात असायचा, तो सरला की तीही हिंडायला लागायची. यश सगळं मालुबाईच्या अंगठ्याला. ती कुणाकडून काही घ्यायची नाही, घेतलं तर हातगुण जातो म्हणे. बासष्ट वर्षांची सडसडीत, तिखट जिभेची बाई. "डाक्टर मशिनीत बघतोय, मी बोटानं बघते," असं ऐटीत म्हणायची.

यात हसण्यासारखं काही नाही. तिची बोटं खरंच शहाणी होती. पोट बघून पोरानं कच्ची चिंच खाल्ली की शाळा चुकवायचं सोंग घेतलंय, ते ती बरोबर सांगायची. पण त्याच बोटांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती तिनं बावीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

मंगळवारी दुपारी तिची नात सौम्या शाळेतून पोट धरूनच आली. वय वर्षं नऊ, चौथीत. दारातच उलटी झाली. बेंबीपाशी दुखतंय म्हणाली आणि ताटाकडं बघायलाही तयार होईना. मालुबाईनं विचारलं, "उडी मारलीस व्हय गं?" पोरगी म्हणाली, मारली. चौथीतली पोर दिवसातनं पन्नास उड्या मारते, पण मालुबाईला तेवढं पुरलं.

बुधवारी उजाडताना तिनं नातीला चटईवर घेतलं. बेंबीपाशी सगळं नेहमीसारखंच होतं. पण चोळता चोळता अंगठा उजवीकडं खाली उतरला, तसं पोट आपसूक ताठ झालं. बोटाला आत येऊच देईना. सौम्यानं दात आवळून आजीचं मनगट धरलं. मालुबाईचा हात क्षणभर थांबला. असं ताठ झालेलं पोट तिनं आधी एकदाच हाताळलं होतं. वात असेल, असं स्वतःलाच समजावून तिनं बाजूनं चोळून घेतलं.

"आत्ती, अंगात ताप हाय तिच्या," सून रूपाली म्हणाली. ती बेळगावात कापडाच्या दुकानात कामाला होती, बसची वेळ झाली तरी पाय निघत नव्हता. "बेंबी सरकल्यावर ताप कशाला येईल? दवाखान्यात दाखवू या की."

"दुखण्याचा ताप असतोय तो. गाव माझ्याकडं येतंय, आनि माझ्याच घरातली पोर दवाखान्यात? लोक त्वांडात श्याण घालतील."

रूपालीनं नवऱ्याकडं बघितलं. नागेंद्र बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होता, लोखंड वितळवणारा माणूस, पण आईपुढं मेणाचा. "एक दिस बघू," म्हणाला. तो दिवस तसाच गेला. दुखणं बेंबीपासून सरकून उजव्या जांघेच्या वर येऊन बसलं. सौम्या वाकून चालायला लागली, मग चालायचीच बंद झाली. गुरुवारी पहाटे मालुबाईनं पुन्हा चोळलं, तांब्याही लावला. पोरगी किंचाळली तशी रूपाली कानावर हात ठेवून परसात गेली.

आणि गुरुवारी अकराच्या सुमारास दुखणं थांबलं.

एकदम थांबलं. सौम्या उठून भिंतीला टेकून बसली, पाणी मागून प्याली आणि म्हणाली, "आज्जी, दुखत न्हाय आता." रूपालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रजा टाकून घरी थांबलेल्या नागेंद्रनं छाती फुगवून आईकडं बघितलं, जणू ती बेळगाव जिंकून आली होती. गल्लीत बातमी जायला कितीसा वेळ लागतो? पलीकडच्या घरची यशोदाबाई विळा तसाच हातात घेऊन आली. भाताची कापणी चालू होती.

"हात न्हवं, देवीचा परसाद हाय ह्यो," यशोदाबाई म्हणाली. "माझ्या समर्थाचंबी असंच झालं हुतं बग. तीन दिस तळमळला, आनि आक्काचा हात लागला तसा गप पडला. आयुष्यच न्हवतं त्याला, त्याला कोन काय करनार? पर शेवटचा दिस लेकराला दुखलं न्हाय."

घरातले सगळे हसतमुख होते. मालुबाईचं तोंड मात्र पांढरं पडलं.

बावीस वर्षांमागं यशोदाबाईचा थोरला, अकरा वर्षांचा समर्थ, याच चटईवर निजला होता. त्याचं पोट असंच ताठ झालं होतं. तिसऱ्या दिवशी चोळताना तिच्या अंगठ्याखाली काहीतरी सैल पडल्यासारखं झालं आणि पोराचं दुखणं थांबलं. त्यानं वाटीभर पेज घेतली, गोट्या काढून खेळला. संध्याकाळी पोट फुगून हंड्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गाडी मिळेपर्यंत ओठ निळे पडले आणि बेळगाव यायच्या आत सगळं संपलं. गाव म्हणालं, नशीब. यशोदाबाईनं मात्र तो एक दिवस मनात जपून ठेवला. सुगी झाली की नव्या तांदळाची पहिली ओंजळ ती दरवर्षी मालुबाईच्या घरी आणून द्यायची. कुणाकडून काही न घेणारी मालुबाई ती ओंजळ घ्यायची. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

तिनं सौम्याच्या पोटावर तळवा ठेवला. पोट गरम होतं आणि पाटासारखं कडक. हळू दाबलं तेव्हा पोरगी काही बोलली नाही, पण हात काढला तशी कळवळली. नाडी पाखरासारखी फडफडत होती, जीभ कोरडी पडली होती. सौम्या आजीकडं बघून हसायचा प्रयत्न करत होती, आणि ते हसू मालुबाईच्या काळजात सुईसारखं गेलं.

"नागेंद्र, गाडी बघ. बेळगावला न्यायचं."

"आता कशाला, आई? थांबलंय की दुखायचं."

"थांबलंय म्हनूनच न्यायचं."

"आसं काय बोलतीस तू?"

तिथं गप्प बसायची, काहीतरी थाप मारायची सोय होती. यशोदाबाई घरी गेल्यावर सांगता आलं असतं. पण नागेंद्र उंबऱ्यात उभा राहून कारण मागत होता आणि पोरीचा श्वास वरच्या वर चालला होता. मालुबाई यशोदाबाईकडं न बघता म्हणाली, "समर्थाचंबी असंच थांबलं हुतं. ते बरं झालं न्हवतं. आत कायतरी फुटलं हुतं. माझ्या बोटाला तवाच कळलं हुतं."

यशोदाबाईच्या हातातला विळा खाली पडला नाही की काही नाही, तिनं तो नुसता घट्ट धरला. मग ती दाराबाहेर गेली आणि तिच्या घरासमोरून हाक ऐकू आली, "परशराम! टमटम काढ रं, बेगीनं!" परशराम तिचा धाकटा, समर्थाच्या पाठचा.

दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनींनी पोरीचा फ्रॉक वर केला आणि बेंबीभोवतीचा तांब्याच्या काठाचा लाल वळ बघितला. त्या निपाणीच्या, आजी तंबाखूच्या वखारीत राबलेली.

"पोट कुणी चोळलं?"

रूपालीनं मान खाली घातली. नागेंद्र छताकडं बघायला लागला.

"मी," मालुबाई म्हणाली. "दोनदा."

डॉक्टर ओरडतील असं तिला वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझीपण बेंबी बसवलीय लहानपणी, आज्जी. हे अपेंडिक्स आहे, आतड्याचं शेपूट. सुजतं, कुजतं आणि फुटतं. फुटलं की ताण जातो, म्हणून घटकाभर बरं वाटतं. तुम्ही थांबला असता तर संध्याकाळी घरात रडारड झाली असती."

ऑपरेशनला दीड तास लागला. बाहेर येऊन डॉक्टरांनी हाताची पाच बोटं उघडली. या दुखण्याला पायऱ्या असतात, म्हणाल्या. पहिलीवर नुसती सूज. ते पोर दुसऱ्या दिवशी घरी जातं, आठवड्यात शाळेत. दुसरीवर ते शेपूट काळं पडून कुजायला लागतं. तिसरीवर फुटतं, पण पू तिथंच आसपास असतो. चौथीवर पुवाचा गोळा बांधला जातो. आणि पाचवीवर पू पोटभर पसरतो, विष रक्तात जातं. "सौम्या तिसरीवर आहे. पोट धुऊन काढलंय, नळी ठेवलीय. पण अजून सुटलो म्हणू नका. अशा पोरांना पाचव्या-सहाव्या दिवशी परत ताप चढतो कधी कधी. तेवढे दिवस माझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

"माझ्या चोळन्यानं फुटलं?" मालुबाईनं विचारलं.

"ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण चोळण्यात गेलेले दोन दिवस मात्र नक्की नडले."

मग सुरू झालं ते वाट बघणं. पोटातल्या नळीतून गढूळ पाणी पिशवीत उतरायचं, आणि मालुबाई त्या पिशवीचा रंग बघत बसायची. आतडं जागं होईपर्यंत तोंडातून काही द्यायचं नव्हतं. पोरीनं पादावं म्हणून अख्खं घर देव पाण्यात घालून बसलं. एरवी त्याबद्दल तिला धपाटा मिळाला असता. तिसऱ्या दिवशी ते झालं तेव्हा रूपाली हसता हसता रडायला लागली. चौथ्या दिवशी नर्सनं सौम्याला उभं केलं. एका हातात पिशवी, दुसऱ्यात आजीचा पदर, अशी ती वऱ्हांड्यात आठ पावलं चालली. पलीकडच्या खाटेवर पहिल्या पायरीचं एक पोर आलं, बिस्किट खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी टाटा करत घरी गेलं. मालुबाई त्या रिकाम्या खाटेकडं किती तरी वेळ बघत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी ताप आला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तस्साच, दबक्या पावलानं आला आणि तासाभरात पोरगी फणफणली. सोनोग्राफीत पुवाचा छोटासा कप्पा दिसला. औषध बदललं. औषधानं जिरला तर जिरला, नाही तर पुन्हा सुई घालून काढायचा, असं ठरलं. दोन दिवस नर्स ताप बघायला आली की मालुबाई उठून खिडकीशी जायची, तो आकडा ऐकायची तिची छाती नव्हती. तिनं गावच्या मळेकरणी देवीला नवस बोलला नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? आठव्या दिवशी ताप उतरला तो परत चढला नाही. अकराव्या दिवशी, महिनाभर धावायचं नाही, जड दप्तर उचलायचं नाही, परत ताप-उलटी आली तर लगेच यायचं, अशी ताकीद घेऊन सौम्या घरी आली.

गावात तोवर वेगळीच गोष्ट झाली होती. मालुबाईनं नुसत्या हातानं आतलं फुटलेलं ओळखलं, डॉक्टरच्या आधी! तिचा मान वाढला होता. दुसऱ्याच दिवशी उजाडताना एक बाई पोट दुखणारं पोर घेऊन सोप्यावर हजर. मालुबाईनं चटई अंथरली नाही. दवाखान्यात बघितलं होतं तसं पोराला एका पायावर उडी मारायला सांगितलं, ते कळवळून खाली बसलं तशी म्हणाली, "हितं वेळ घालवू नगंस. पयली बस गाठ." बाई फुरंगटून गेली. बसस्टॉपकडं गेली की दुसऱ्या कुणा चोळणारीकडं, ते मालुबाईला कळलं नाही, आणि दिवसभर तिला घास गेला नाही.

त्याच संध्याकाळी यशोदाबाई आली. पदराच्या टोकात नव्या तांदळाची ओंजळ बांधलेली होती. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. सौम्या दाराशी बसून चित्र रंगवत होती. तिच्याकडं एकदा बघून यशोदाबाई उंबऱ्यापाशीच टेकली.

"डाक्टरनीनं पायऱ्या सांगितल्या म्हनं. रूपाली बोलली."

"व्हय."

"माझा समर्थ कितव्या पायरीवर हुता?"

मालुबाईनं तिच्या नजरेला नजर दिली. "तुझ्या दारात पोट फुगलं तवा पाचवीवर. माझ्या चटईवर पयल्यांदा आनलास तवा पयलीवर आसंल."

यशोदाबाईनं पदराची गाठ सोडली. सगळे तांदूळ सौम्याच्या रंगाच्या डब्याच्या झाकणात ओतले. "ह्ये पोरीचं. तिला भात करून घाल," म्हणाली. "पुडल्या साली मी आननार न्हाय, आक्का."

"नगंस आनू."

ती उठली, अंगणात दोन पावलं गेली आणि पाठमोरीच थांबली.

"पयलीवर आसताना नेलं असतं तर?"

मालुबाईला रिकामी खाट आठवली, बिस्किट खाणारं पोर आठवलं. खोटं बोलायची तिला फार इच्छा झाली.

"दुसऱ्या दिवशी घरला आला असता," ती म्हणाली.