दुसरी बाग

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. भावाला नाही, जिला वाढवलं त्या पोरीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकीचं बोलते. आज तुमच्यापाशी बोलतेय. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. दूध उतू गेलं, ते पुसलं, परत उठले. बसवत नाही.

कुठून धरू? माझ्यापासूनच धरते. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं. पुढं रीतसर घटस्फोट झाला आणि मी धाकट्या भावाकडं, दत्ताकडं, बजाजनगरला राहायला आले. दत्ता वाळूजला कंपनीत. त्याची बायको मंगल मला ‘आक्का’ म्हणायची. ती मला कधी तोडून बोलली असं आठवत नाही — आठवलं असतं तर बरं झालं असतं. ती शिवणाच्या कारखान्यात जायची, म्हणून त्यांची पूर्वा दिवसभर माझ्यापाशी. माझ्या हातचं जेवायची, माझ्या कुशीत झोपायची.

पूर्वा सात वर्षांची असताना दत्ता आणि मंगलचं फाटलं. मारहाण नव्हती, दारू नव्हती, नुसतं पटेना. मंगल गारखेड्याला आईकडं निघून गेली. दत्तानं पोर दिली नाही आणि प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं.

एकदा तारखेला मी आमच्या वकिलांना विचारलं, "पोर कुणाला मिळंल?"

"आईला, नायतर बापाला."

"आन् आत्याला?"

ते हसले. "ताई, आई-बाप धडधाकट असताना आत्या कुठून येणार मधी?"

सहज बोलले ते. पण ते माझ्या डोक्यातून जाईना. पोर मंगलकडं गेली तर दत्ताला निदान भेटीचा हक्क राहील. मला काय राहील? माझं नाव तर कुठल्याच अर्जात नव्हतं.

निकाल लागेपर्यंत न्यायाधीशबाईंनी हुकूम दिला — दर रविवारी दुपारी आईनं मुलीला गारखेड्याच्या बागेत भेटावं. दत्ताला मंगलचं तोंड बघायचं नव्हतं. पोरीला नेण्याचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्या रविवारी मी नेलं, अगदी सरळ मनानं नेलं. पूर्वा आईच्या गळ्यात पडली ती सुटेचना. घरी आल्यावर माझ्या हातचा घास तिनं बाजूला सारला. आईनं भरवलंय म्हणाली. एवढंच. सात वर्षांचं लेकरू ते, त्याच्या बोलण्याचा काय राग धरायचा? पण मी धरला.

पुढच्या रविवारी रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर जाना आपा?" आणि माझ्या तोंडातून दुसऱ्याच बागेचं नाव निघालं. निघालं कसलं — मी घेतलं. मुद्दाम घेतलं.

पूर्वाच्या लगेच ध्यानात आलं. "आत्या, ही ती बाग नाय."

"आईनं आता इथं बोलवलंय," मी म्हणाले.

पर्समध्ये फोन वाजत होता. मंगलचाच. मी बंद करून टाकला. पूर्वा झोक्यावर बसली होती, पण झोका घेत नव्हती. फाटकाकडं तोंड करून नुसती बसली होती. ऊन उतरल्यावर मी तिला म्हटलं, "नाय आली गं तुझी आई." मी तिला भेळ घेऊन दिली.

असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. रात्री दत्ता विचारायचा, "आली होती का ती?" मी नाही म्हणून मान हलवायचे. "वाटलंच होतं मला," तो म्हणायचा. पुढं पूर्वा फाटकाकडं बघेनाशी झाली. झोका उंच घ्यायला लागली. मला हलकं वाटलं — हो, हलकंच वाटलं.

मग एक दिवस शाळा सुटताना मंगल फाटकापाशी उभी. हातात पिशवी, पिशवीत नवे सँडल. पूर्वा माझ्यामागं सरकली. "मला नाय भेटायचं. तू येत नायस." मंगल माझ्याकडं बघत राहिली. तिनं तिथं आरडाओरडा केला नाही, पोरीसमोर मला खोटं पाडलं नाही. सँडल माझ्या हातात देऊन गेली. घरी घालून पाहिले, तर टाच मागून बाहेर येत होती. पोरीचा पाय वाढला होता, ते तिला कुठून माहीत असणार?

कोर्टात मंगलनं सांगितलं, मी दर रविवारी गारखेड्याच्या बागेत येऊन बसते, हे लोक पोरीला आणत नाहीत. मग मला बोलावलं. मी शपथ घेतली आणि सांगितलं — दर रविवारी त्याच बागेत नेलं, आई आली नाही. मंगल जागेवरून उठली. "आक्का, खरं सांगा ओ," एवढंच म्हणाली. तिला बसवलं गेलं. मी समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

तरीही माझ्या एकटीच्या शब्दावर निकाल फिरला नसता. न्यायाधीशबाईंनी पूर्वाला आपल्या खोलीत एकटीला बोलावलं, प्रेमानं विचारलं. तिनं सांगितलं, मी बागेत वाट बघते, आई येतच नाही. कुठल्या बागेत, ते तिला कुणी विचारलं नसावं. तिच्यावर विश्वास बसणारच. पोर खोटं बोलत नव्हती. तिच्या तोंडून मी बोलत होते.

ताबा दत्ताला मिळाला. मंगलला भेटीचा हक्क राहिला, पण पूर्वा जायला तयार होईना, आणि रडत्या पोरीला ओढून नेऊ नका म्हणून मंगलनंच हात सोडला. ती मुकुंदवाडीला खोली घेऊन एकटी राहायला लागली, असं कानावर आलं.

पूर्वा शिकली, नोकरीला लागली. परवा तिचं लग्न झालं. मंगलला बोलवायचं का, असं दत्तानं तिला एकदा विचारलं. ती "नको" म्हणाली. मी तिथंच भाजी निवडत होते. तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं की नाही? मी निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत बसले.

लग्नात मुलाकडच्यांनी नवरीच्या आईच्या मानाची साडी आणली होती. कुणाला द्यायची, म्हणून सगळे घोटाळले. पूर्वानं माझा हात धरून मला पुढं केलं. "आत्याला द्या. माझी आई हीच." बायकांचे डोळे भरून आले. मी मात्र कार्यालयाच्या दारातून बाहेर बघत होते. रस्त्याच्या पलीकडं मंगल उभी होती. केस पांढरे झालेत. कुणीतरी तिला लग्नाचं सांगितलं असणार. तिनं मला पाहिलं, मीही तिला पाहिलं.

मी ओटी पुढं केली आणि साडी घेतली. आतल्या खोलीत जाऊन नेसले. बाहेर आले तेव्हा मंगल अजून तिथंच होती.

मी दाराकडं पाठ केली आणि पाहुण्यांना वाढायला गेले.