पऱ्हाटीची काडी

माझ्या गाडीच्या डिक्कीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक वाळकी काडी आहे. ती हाताला लागली की तो दिवस आठवतो. त्याआधी आमच्या घरी वाहन म्हणजे एक सायकल. त्याच सायकलीवर हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनला तेल द्यायला जाऊन बाबांनी मला पदवीपर्यंत शिकवलं; मी घरातला पहिला पदवीधर. नोकरीतून चार वर्षं साठवून मी हौसेची, पंधरा वर्षं जुनी पण वाऱ्यासारखी पळणारी कार घेतली आणि आठवड्यातच बोनेटखाली खरखर सुरू झाली. बाबांना सोबत घेऊन गॅरेजवर गेलो. तिथला मिस्त्री म्हणाला, "इंजन खोलावं लागते. त्यापेक्षा भंगारात द्या." इंजिन खोलून घ्यायची ऐपत नव्हती, माझा चेहरा पडला. बाबांनी गॅरेजच्या पऱ्हाटीच्या कुंपणातली एक काडी मोडली, एक टोक चालू इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. "काका, हे कार होय, जिनिंगची मशीन नाई," मिस्त्री हसला. बाबा काडी सरकवत राहिले. मग म्हणाले, "इंजन चांगलं आहे, बाबू. हे पट्ट्याची पुली कण्हून राह्यली. तिचं बेरिंग बदल." बेरिंग बदललं आणि खरखर थांबली. मिस्त्रीनं ती काडी उचलून स्वतःच्या कानाला लावली. एवढी विद्या आमच्या घरात होती आणि मला ठाऊक नव्हती. ती गाडी आजही त्याच न उघडलेल्या इंजिनावर धावते, आणि पुढच्या सीटवर बाबा बसतात.