वडिलांचा कोटा

वीस वर्षांचं गृहकर्ज मी अकरा वर्षांत फेडलं, आणि त्याची प्रौढी जमेल तिथे मिरवली. सांगलीत आमच्या ऑफिसात कुणी फ्लॅट घेतला की मी त्याला गाठून शिकवणीच घ्यायचो. बाहेरचा चहा बंद, ऑफिसला सायकल, आणि वाचेल तो रुपया हप्त्याबरोबर मुद्दलात. मला लांबून पाहून लोक वाट बदलत असावेत.

एक गोष्ट मात्र मी या शिकवणीत कधी सांगितली नाही. आमच्या किराण्याचा निम्मा खर्च मी करतच नव्हतो. वडील, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आईबरोबर रहिमतपूरजवळ गावी राहायचे. दर महिन्याला साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधून तेल, साबण, चहापत्ती, धुण्याची पावडर घ्यायचे आणि दोन पिशव्या सांभाळत पॅसेंजरने सांगलीला यायचे. पैसे त्यांनी मागितले नाहीत, म्हणून मी दिले नाहीत. बायको दोनदा म्हणाली, "अहो, निदान तिकिटाचे तरी द्या." मी म्हणालो, "त्यांना पेन्शन आहे."

कॅन्टीनच्या कार्डावर त्यांना रमच्या बाटल्यांचा कोटाही मिळायचा. संध्याकाळी जेवणाआधी एक पेग, हा त्यांचा फौजेपासूनचा नेम. दुसरा कधीच नाही. पण तो एकही मला खुपायचा. वर्षाला दारूवर किती उडतात, हे मी कर्जाच्या पहिल्याच वर्षी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. पुढच्या खेपेला म्हणाले, "सोडली रं." आपल्या शब्दाला केवढं वजन, या आनंदात मी आठवडाभर हवेत होतो.

बँकेकडून खरेदीखत परत मिळालं, त्या रविवारी पेढे घेऊन गावी गेलो. शेजारचे काका ओसरीवर बसले होते. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "फिटलं न्हवं कर्ज? मग आता आबाची बाटली आबाला ठिवू दे. इतकी वर्सं आमालाच इकतोय, आन् त्या पैशात तुझं तेल-साबण आणतोय. आमी पितो, आन् ह्यो नुसतं शेंगदाणं खात बसतोय."

मला इतकी लाज वाटली की हातातला पेढ्यांचा पुडा कुठे ठेवावा, हेही सुचेना. वडील आईला औषध देऊन बाहेर आले. काकांसमोरच मी विचारलं, "आबा, मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पेन्शन तुझ्या आईच्या औषधाला लागती. बाटल्या तेवढ्या माझ्या हुत्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"यापुढे विकायच्या नाहीत," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "मग तुझं सामान रं?"

मी विकत घेईन, एवढंच म्हणायचं होतं. डोक्यावर एका पैशाचंही कर्ज उरलं नव्हतं. तरी त्या क्षणी माझ्या मनात पाच लिटर तेलाच्या डब्याचा भाव आला आणि उत्तर द्यायला मला उशीर झाला. फार नाही, पण त्यांना कळण्याइतका.

"आणीन की मी," असं म्हणून त्यांनीच मला सोडवलं.