गंध लावलेला मिक्सर

माझी थोरली जाऊ भवानीबाई, तिच्या उजव्या हाताला तीनच बोटं. मी तिला अक्का म्हणायची. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आमचं घर. पूर्वज राजाच्या फौजेत होते, म्हणून आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सासऱ्यांचा, नागोजीरावांचा, रुबाब बघावा. फौज गेली, पीळ राहिला. तलवारीबरोबर घरातलं पातं असलेलं सगळं पूजायचं. विळी, कात्री, आणि सत्त्याऐंशी सालापासून मिक्सर. एकदा गंध लागलं की दसऱ्यापर्यंत हत्यार जागचं हलवायचं नाही, हा घरचा नियम.

त्या पहिल्याच वर्षी चटणी वाटताना करंट गेला. बटण चालूच राहिलं. मामंजींनी ओट्यावरच मिक्सरला गंध लावलं आणि मग त्यांना पात्याखाली चिकटलेली चटणी दिसली. खरकटं हत्यार देवीला चालत नाही, भांडं न उचलता आतूनच पूस, म्हणाले. अक्का तेव्हा गरीब गाय. तिने फडकं घेऊन हात घातला आणि करंट आला. दोन बोटं गेली. भिंत रक्ताने भरली. मामंजी म्हणाले, देवीने नैवेद्य घेतला. हे मी लग्नानंतर ऐकलं, पण ते वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या वर्षी मी नवी सून. मिक्सर दुरुस्त होऊन पुन्हा ओट्यावर, गंध लावलेला, प्लग तसाच खोचलेला. आता भांडं पुसायची पाळी माझी होती. मी बांगड्या मागे सारल्या. अक्काने मनगटावर असा फटका मारला की दोन बांगड्या फुटल्या.

"मोदलु, आधी प्लग काढ, अंबुजा. मग भांडं उचल. आत हात घालायचाच नाही."

तिने स्वतःच प्लग ओढला, भांडं काढलं. मामंजींची काठी तिच्या पाठीत बसली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने ती हिसकावली आणि त्यांच्या कपाळावर हाणली. म्हातारा ओट्याखाली कोसळला, रक्त डोळ्यांत उतरलं. अक्काने तिकडे पाहिलंच नाही. भांड्यात कोमट पाणी आणि साबण घालून तिने लांब दांड्याचा ब्रश माझ्या हातात दिला, पात्यांखाली तो कसा फिरवायचा ते दाखवलं. मोटरवर पाणी पडू न देता कोरड्या फडक्याने पुसायला लावलं. मला तिची भीती वाटली, आणि या घरात माझं असं हीच एक आहे, असंही वाटलं.

संध्याकाळी कपाळाला टाके घालून मामंजी परत आले. सून अंगावर धावून आली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. अक्काची ट्रंक दारात आणून ठेवली होती. आधी काठी कोणी उगारली, असं थोरल्या दिरांनी, अक्काच्या नवऱ्याने, मला विचारलं. अक्का माझ्याकडे बघत होती. माझी दहाही बोटं शाबूत होती. मी मान खाली घातली आणि म्हणाले, मी काही पाहिलं नाही.