थांब हं, आणते

बटणकाकांना समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत दम धरवत नाही. गिऱ्हाईक नुसतं "मला एक…" म्हणालं की हे "राखाडी, चार भोकांचं, कोटाचं" असं पुढचं बोलून मोकळे. निम्म्या वेळा चुकतं. तेव्हा मागून काकू म्हणायच्या, "अहो, त्याला बोलू द्या की." मग गिऱ्हाइकाकडे वळून, "थांब हं, आणते."

त्या सगळ्यांशी एकेरीत बोलायच्या. बँकेच्या मॅनेजरशीसुद्धा. काकांशी तेवढं अहोजाहो. गिऱ्हाइकाने आणलेला शर्ट एकदा उलटा करून बघायच्या आणि पडद्यामागे दिसेनाशा व्हायच्या. तिथे फळ्यांवर बटणांच्या बरण्या. स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, मग थोडी शांतता, मग झाकणाचा आवाज. बाहेर यायच्या तेव्हा तळहातावर नेमकं तेच बटण.

मी पहिल्यांदा गेलो तो मुलाखतीच्या आदल्या दिवशी. माझ्याकडे एकच कोट आणि त्याचं मधलंच बटण गेलेलं. बटण मिळालं, नोकरी नाही मिळाली. काका म्हणाले, "साहित्यात पदवी घेतलीत, आणि नोकरीही हवी?" तेव्हापासून ते मला साहित्यिक म्हणतात, आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन बसतो.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण ओठावर एक शब्द येईना. काका त्यांच्या वतीने बोलू लागले. काकूंनी मान वळवली की "पाणी हवंय तिला". भुवई उचलली की "पंखा लागतोय". निम्म्या वेळा चुकायचं. आता मागून टोकणारं कुणी नव्हतं.

काकांचा भाचा भेटायला आला होता. त्याने कुठल्याशा तयार टूलवर मामीसाठी एक मोबाइल गेम करून दिला. दुकानातल्या खऱ्या बटणांचे फोटो. बटणं वरून पडतात. बोटाने ओढून ज्याची त्याला बरणी दाखवायची. डाव्या हातालाही जमेल असा. फक्त फार हळू चालायचा. प्रत्येक डावाआधी पडदा कोरा व्हायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्या कोऱ्या पडद्यावर भाच्याने गंमत म्हणून लिहून ठेवलं: थांब हं, आणते.

काकूंनी ते पाहिलं आणि म्हटलं. मोठ्याने, अख्खं. काकांच्या हातातून कप पडला.

पुढे प्रत्येक डावाआधी त्या तेवढं म्हणायच्या. दुसरं काही नाही. डॉक्टरीणबाईंनी काकांना बजावलं, "ही एक वाट उघडी राहिलीय. रोज वापरात ठेवा. बाकीचे शब्द आले तर याच वाटेने येतील. ही बंद पडू देऊ नका."

आणि फोन बंद पडायला लागला. नवा आणला, तर त्यात तो गेम उघडेचना. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, ते टूलच बंद झालं. तिला दुसरा एखादा गेम द्या ना." दुसरे दिले. काकूंनी फोन उशीखाली सरकवून दिला.

"साहित्यिक, तुमच्या ओळखीत कुणी कामाचं माणूस आहे का हो?"

माझी शाळेतली मैत्रीण प्रोग्रामर आहे. काकांनी तिचं लगेच इंजिनिअरबाई करून टाकलं. तिने जुन्या फोनवर गेम पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काका, हा चालत नाही, रांगतो."

"का पण?"

"हा फोनशी थेट बोलतच नाही. मध्ये एक दुभाष्या बसलाय. गेम त्याला सांगतो, तो फोनला समजावतो. त्यात सगळा वेळ जातो. मी सगळा पुन्हा लिहिते, नेटिव्ह कोडमध्ये. म्हणजे फोनच्या स्वतःच्या भाषेत."

"म्हणजे अनुवाद नको, मूळच," मी म्हणालो.

"बघा काका, पदवी अगदीच वाया नाही गेली."

दोऱ्याच्या रिळासाठी घासाघीस करणाऱ्या माणसाने त्या दिवशी एका शब्दाने भाव केला नाही. सगळे पैसे आधीच दिले. ती निघताना फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, हे मधलं जे…"

"काढून टाका, काढून टाका!" काका म्हणाले. "अजिबात उशीर नको."

मी तिथेच होतो. मलाही काही खटकलं नाही.

नवा गेम आला. बोट लावलं की डाव हजर. काकूंचा डावा हात सरसर चालला. बटणं बरण्यांत पडत होती. काकांनी टाळ्या वाजवल्या, इंजिनिअरबाईंनी चहा घेतला, मी बिस्किटं संपवली. त्याच सुमारास जुन्या फोनने कायमचे डोळे मिटले. कुणाला वाईटही वाटलं नाही.

काही दिवसांनी काका माझ्या खोलीवर आले. भर दुपारी, दुकान बंद करून. खुर्चीत बसले आणि बोलेनात. मी घाबरलो.

"गेम झकास झालाय," शेवटी म्हणाले. "ती खेळते. छान खेळते. पण बोलत नाही हो. तेवढंही बोलत नाही आता."

मी मैत्रिणीला बोलावून घेतलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. तिने त्यांच्या हातातून अलगद फोन घेतला, इकडे तिकडे बोटं फिरवली. "सगळं नीट चालतंय."

"ते वाक्य कुठे गेलं?" मी विचारलं.

"कुठलं? ते लोडिंगचं? अरे, ते वेळ भरून काढायला होतं. आता वेळ लागतच नाही. थांबायची गरजच उरली नाही, म्हणून…" तिने फोन काकूंच्या हातात परत दिला. मग काकांकडे बघून म्हणाली, "मी विचारलं होतं, काका. हे मधलं जे वाक्य आहे ते ठेवायचं का, असं विचारत होते."

काका म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही उशिराबद्दल… मीच तुम्हाला…"

त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. कुणी ते पुरं केलं नाही.

तिने तिथेच लॅपटॉप उघडला आणि वाक्य परत घातलं. ते आलं आणि गेलं. काकूंचे ओठ हलेपर्यंत बटणं पडायलाही लागली होती. काकूंनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"याला मुद्दाम थांबायला लावावं लागेल," ती म्हणाली. "पण किती? जुना फोन गेला. मोजायचं कशावरून?"

काका उठले. "दुकानात चला."

दुकान घराच्या खालीच. काकांनी अर्धं शटर वर केलं. दिवा लावला. गल्ल्यामागे उभे राहिले. "तुमच्या मोबाइलवर घड्याळ लावा," तिला म्हणाले. मग समोर कुणीतरी उभं असल्यासारखं बघून हळूच पुटपुटले, "थांब हं, आणते."

आणि वळले. काका एरवी चालत नाहीत, धावतात. आता त्यांची पावलं लहान झाली होती. पडदा त्यांनी कोपराने बाजूला केला. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता. मग झाकण. मग हलकीशी फुंकर. ती फुंकर मी विसरूनच गेलो होतो. काकू बटणावरची धूळ उडवायच्या. काका बाहेर आले आणि त्यांनी तळहात उघडला. त्यावर एक निळं बटण होतं.

मी इतकी वर्षं समजत होतो की या माणसाचं दुसऱ्याकडे लक्षच नसतं.

मैत्रीण बटणाकडे बघत राहिली होती. "काका, सॉरी. घड्याळ सुरू करायचं राहिलं."

"हात्तिच्या!" म्हणाले आणि पुन्हा गेले. तसेच. कोपर, स्टूल, झाकण, फुंकर.

वर आल्यावर तिने काम पुरं केलं. काकांनी पाकीट काढलं. ती म्हणाली, "राहू द्या हो. लोक मला वेग वाढवायचे पैसे देतात. थांबण्याचे कसे लावू?"

"लावा. बटणाची भोकं रिकामीच असतात. म्हणून आम्ही बटण फुकट देतो का?"

तिने पैसे घेतले.

काकूंच्या हातात फोन दिला. पडदा कोरा झाला. थांब हं, आणते. काका शेजारी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, ओठ दाबून. ते थांबणं मला फार लांब वाटलं. काकूंचे ओठ उघडले. आवाज आला नाही. पुन्हा उघडले. काकांचा चेहरा लाल झाला होता. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"थां…" त्यांनी सुरुवात करून दिली.

काकूंनी डावा हात वर केला. पडद्याकडे नाही, काकांकडे पाहिलं.

"थांब हं," काकू म्हणाल्या.

उभ्या आयुष्यात नवऱ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या. बटणं पडायला लागली होती. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. पुढचा शब्द शोधत होत्या.

काका थांबले.